टेन्शन आलं की शरीरात काय होतं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरात मराठी, दाराबाहेर हिंदी आणि टेन्शन दोन्हीकडे, अशी आपल्या इंदूरच्या मराठी मंडळींची तऱ्हा. मी बरीच वर्षं डॉक्टर होऊ घातलेल्या मुलांना शरीरक्रियाशास्त्र शिकवलं. निवृत्त झाल्यापासून रामबागेत, लोकमान्य नगरात कुणी ना कुणी थांबवून विचारतंच. प्रश्न तेच तेच येतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून ठेवली. चालू औषधांत काही बदल करायचा असेल तर तो तुमच्या डॉक्टरांना विचारून करा, हे वाचून नको.

घाबरलं की छाती धडधडते, तोंडाला कोरड पडते, हात गार पडतात. हे सगळं एकदम कसं होतं?

पलासियाच्या चौकात तुम्ही रस्ता ओलांडताय आणि एक बाईक उलट्या दिशेने अंगावर आली. ‘बाईक आली’ असा विचार पुरता होण्याआधीच तुम्ही मागे उडी मारलेली असते. मेंदूतल्या अमिग्डाला नावाच्या भागाने धोका ओळखून हायपोथॅलॅमसला, म्हणजे मेंदूच्या तळाशी असलेल्या नियंत्रण केंद्राला, कळवलेलं असतं. तिथून निघालेला संदेश सिम्पथेटिक, म्हणजे शरीराला आपोआप सज्ज करणाऱ्या, मज्जातंतूंमधून थेट हृदयाला, रक्तवाहिन्यांना आणि दोन्ही मूत्रपिंडांच्या डोक्यावर बसलेल्या अ‍ॅड्रिनल ग्रंथींना पोचतो. एकेक ग्रंथी जेमतेम चार-पाच ग्रॅमची, पण तिच्या गाभ्यातून अ‍ॅड्रिनलिन सुटलं की काही सेकंदांत सगळं शरीर कामाला लागतं.

ठोके वाढतात. श्वासनलिका रुंदावतात. यकृत साठवलेली साखर रक्तात सोडतं. पोट, आतडी आणि त्वचा यांचं रक्त कमी करून ते मांड्या-दंडांच्या स्नायूंकडे वळवलं जातं, म्हणून पोटात गोळा येतो आणि बोटं गार पडतात. लाळ कमी आणि घट्ट होते. रक्त गोठण्याची तयारीही वाढते, कारण जखम झालीच तर रक्त कमी वाहावं. ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवा, पुढे छातीत दुखण्याच्या प्रश्नात ती पुन्हा लागणार आहे.

घाबरलेल्या माणसाचा हात कधी हातात घेऊन बघा. बोटं थंड आणि तळवा ओला. मे महिन्यात आपल्याला घाम फुटतो तो कपाळावर, पाठीवर. तळहात-तळपायांच्या ग्रंथी मात्र उन्हापेक्षा भीतीचं जास्त ऐकतात. तोंडी परीक्षेला आलेल्या मुलांच्या हातातला कागद जानेवारीतही कडेने ओला झालेला असायचा.

हार्वर्डचे वॉल्टर कॅनन यांनी १९१५ च्या सुमारास या तयारीला ‘लढा किंवा पळा’ असं नाव दिलं. ते आजही चालतं.

धोका टळला तरी अर्धा तास धडधड, चिडचिड का राहते?

कारण यंत्रणा दोन आहेत आणि दुसरी सावकाश चालते. अ‍ॅड्रिनलिन रक्तात दोन-तीन मिनिटांतच निम्मं होतं. पण तोवर हायपोथॅलॅमसने पिट्युटरी ग्रंथीला आणि पिट्युटरीने अ‍ॅड्रिनलच्या सालीला निरोप दिलेला असतो. त्या सालीतून कॉर्टिसॉल येतं. ते सर्वांत वर चढतं साधारण वीस ते तीस मिनिटांनी आणि निम्मं व्हायला तासाभराच्या वर घेतं. म्हणजे भांडण मिटलं, दार आपटून माणूस निघून गेला, आणि तुमचं कॉर्टिसॉल आत्ता कुठे शिखरावर येतंय! घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर उत्तर द्यायची ही वेळ नव्हे.

पुरेसं कॉर्टिसॉल झालं की तेच मेंदूत जाऊन ‘आता बस’ असं सांगतं आणि उत्पादन थांबतं. हा ब्रेक निरोगी माणसात चोख लागतो. महिनोन्‌महिने यंत्रणा चालूच राहिली तर तो ढिला पडू लागतो.

पण टेन्शन मनातलं असतं. समोर वाघ नाही, बाईक नाही. मग शरीराला एवढं काय होतं?

हा माझा आवडता प्रश्न. ‘तुझ्या मनाचे खेळ आहेत’ असं सुनेला, मुलाला, आईला म्हणणाऱ्यांनी उत्तर जरा सावकाश वाचावं.

१९९३ मध्ये जर्मनीतल्या ट्रिअरच्या संशोधकांनी एक चाचणी बसवली. माणसाला परीक्षक मंडळापुढे उभं करायचं आणि नोकरीच्या मुलाखतीत बोलावं तसं स्वतःबद्दल बोलायला लावायचं. परीक्षकांनी मान डोलवायची नाही, हसायचं नाही. मग १०२२ मधून १३-१३ वजा करत उलटं मोजायला सांगायचं आणि चुकलं की पुन्हा पहिल्यापासून. कुणी हात लावला नाही, आवाजही चढवला नाही. तरी कॉर्टिसॉल आधीच्या दुपटीपासून चौपटीपर्यंत वाढलेलं आढळलं. चार माणसं आपल्याला जोखताहेत आणि हातात काही नाही, एवढं शरीराला पुरतं. एम.पी.पी.एस.सी.चा, म्हणजे मध्य प्रदेश लोकसेवा आयोगाचा, इंटरव्ह्यू देऊन आलेल्या कुणालाही विचारा.

तेव्हा मनातलं ते मनातच राहतं, हे डोक्यातून काढून टाका. रक्तात आणि लाळेत ते मोजता येतं.

आनंदातही धडधडतं. तेही टेन्शनच का?

यंत्रणा तीच. रंगपंचमीला राजवाड्यापुढे गेर, म्हणजे रंगाची मिरवणूक, निघते, रंगाचे फवारे तिसऱ्या मजल्यापर्यंत उडतात, तेव्हा गर्दीतल्या प्रत्येकाचं अ‍ॅड्रिनलिन वाढलेलं असतं. फरक पुढे पडतो: दुपारी माणूस घरी येतो, आंघोळ करतो आणि मेल्यासारखा झोपतो. विषय संपला.

मग रोजच्या टेन्शनने नक्की बिघडतं काय?

१९३६ मध्ये माँट्रियलमध्ये हान्स सेल्ये उंदरांवर प्रयोग करत होते. कुणाला थंडीत ठेवलं, कुणाला दमवलं, कुणाला विषारी औषध टोचलं. कारणं वेगळी, पण आत तेच तीन बदल दिसले: अ‍ॅड्रिनल ग्रंथी फुगलेल्या, प्रतिकारशक्तीशी संबंधित थायमस ग्रंथी आक्रसलेली आणि जठराच्या अस्तरावर व्रण. आधी धोक्याची घंटा, मग तग धरणं, मग थकून कोसळणं, अशा तीन पायऱ्या त्यांनी मांडल्या.

आजच्या माहितीनुसार त्यात थोडी दुरुस्ती लागते. अ‍ॅड्रिनल ग्रंथी ‘थकून रिकामी’ वगैरे होत नाही. इंटरनेटवर ‘अ‍ॅड्रिनल थकवा’ म्हणून जे विकलं जातं त्या नावाचा आजार वैद्यकशास्त्र मानत नाही. नुकसान होतं ते वेगळ्या वाटेने. थोड्या वेळापुरते चांगले असलेले बदल सतत चालू राहिले की तेच झिजवतात. चढलेलं बी.पी. रक्तवाहिन्यांच्या अस्तराला, वाढलेली साखर स्वादुपिंडाला, जागरण स्मरणशक्तीला. ब्रूस मॅकइवेन या शास्त्रज्ञाने १९९० च्या दशकात या साठत जाणाऱ्या झिजेचा हिशेब मांडला. ती हळूहळू साठते, म्हणून लवकर लक्षात येत नाही.

टेन्शनने शुगर वाढते, की हे पथ्य मोडणाऱ्यांचं निमित्त आहे?

दोन्ही! वाढते हे खरं. कॉर्टिसॉल यकृताला प्रथिनांपासून नवी साखर बनवायला लावतं आणि स्नायूंवर इन्सुलिनचा परिणाम कमी करतं. अ‍ॅड्रिनलिन इन्सुलिनचं स्रवणंच दाबतं. ही साखर पळण्यासाठी असते. आपण पळत नाही, खुर्चीत बसून चडफडतो, म्हणून ती रक्तातच राहते. पुरावा हवा असेल तर कोविडचा काळ आठवा. स्टिरॉईड दिलेल्या कितीतरी रुग्णांची शुगर एकदम चढली होती. ती औषधं कॉर्टिसॉलचीच भावंडं.

निमित्तही खरं, कारण कॉर्टिसॉल भूक वाढवतं आणि ओढ लागते ती गोड-तळकटाची. मग पोह्यांवर सेव, शेजारी जिलेबी. वर ही चरबी पोटावर, आतड्यांभोवती जास्त साठते. टेन्शनच्या दिवसांत शुगर वाढलेली दिसली तर वीस मिनिटं चालून या. गोळीचा डोस स्वतःच्या मनाने वाढवू नका.

दवाखान्यात बी.पी. जास्त येतं, घरी बरोबर. कोणतं खरं मानायचं?

दोन्ही खरी, पण निर्णयासाठी घरचं जास्त उपयोगी. पांढरा कोट बघून बी.पी. चढणारे खूप जण असतात. मात्र घरचं मोजमाप कसं होतं तेही मी पाहिलेलं आहे. जिना चढून आलेले आजोबा सोफ्यावर अर्धवट टेकलेले, पाय लोंबते, पट्टा शर्टाच्या बाहीवरून आणि नातू विचारतोय, ‘आबा, कितना आया?’

आधी लघवीला जाऊन या. पाच मिनिटं गप्प बसा. पाठ टेकलेली, पावलं जमिनीवर, दंड उघडा आणि हृदयाच्या उंचीवर. मोजताना बोलायचं नाही, अर्ध्या तासात चहा-बिडी झालेली नको. मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा आणि आठवडाभर लिहून ठेवा. घरी सरासरी १३५/८५ किंवा वर राहत असेल तर ‘टेन्शनमुळे असेल’ म्हणून सोडू नका, डॉक्टरांना वही दाखवा. फक्त दवाखान्यात चढणाऱ्यांनीही अधूनमधून तपासत राहावं. त्यांच्यातल्या काहींचं पुढे कायमचं चढतं.

अ‍ॅसिडिटी आणि अल्सर टेन्शनमुळेच ना?

अल्सरबद्दल ही समजूत कित्येक वर्षं डॉक्टरांचीही होती. ऑस्ट्रेलियातल्या पर्थमध्ये बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी दाखवलं, की बहुतेक अल्सरमागे हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू असतो. कुणी ऐकेना, तेव्हा १९८४ मध्ये मार्शलने त्या जिवाणूंचं मिश्रण स्वतः पिऊन जठराचा दाह ओढवून घेतला. २००५ मध्ये दोघांना नोबेल मिळालं. दुसरं मोठं कारण दुखण्यावरच्या गोळ्या. जास्त दिवस चाललेली जळजळ, काळी शौच, घटतं वजन असेल तर तपासणी हवी.

टेन्शनने मात्र जठर सावकाश रिकामं होतं आणि मोठं आतडं घाई करतं. पेपरच्या सकाळी पोट फुगलेलं आणि तरी तीनदा संडासला, ते यामुळे. आतड्याच्या नसाही जास्त हळव्या होतात, म्हणून एरवी पचणारी लसणाची शेव त्या दिवशी जाळते.

मुलगा भंवरकुआँला, क्लासेसच्या भागात, राहून स्पर्धा परीक्षांची तयारी करतो. दर परीक्षेला सर्दी-ताप ठरलेला. योगायोग?

बहुधा नाही. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश प्रयोगात ३९४ निरोगी माणसांच्या नाकात सर्दीच्या विषाणूंचे थेंब टाकले. आधी प्रत्येकावरचा ताण प्रश्नावलीने मोजून ठेवला होता. ताण जितका जास्त, तितकी लागण होण्याची शक्यता वाढत गेली. कॉर्टिसॉल प्रतिकारशक्तीच्या काही पेशींना गप्प करतं, हे त्यामागचं एक कारण. त्यात एका खोलीत तिघं, मेसचं जेवण, रात्री दोनपर्यंत टेस्ट सिरीज. शेवटच्या आठवड्यात त्याची झोप वाचवता आली तर तेवढं करा. डब्यात घालून लाडू पाठवताच आहात, तेही चालू ठेवा.

सासूबाईंना डिमेन्शिया आहे, सगळं मीच करते. मला लागलेलं लवकर भरत नाही, असं होतं का?

होतं. पण आधी शुगर तपासून घ्या, न भरणाऱ्या जखमेचं पहिलं संशयित तेच. ती ठीक असेल तर पुढे वाचा.

अमेरिकेत १९९५ साली नेमका हाच अभ्यास झाला. घरातल्या डिमेन्शियाच्या रुग्णाला सांभाळणाऱ्या १३ बायका आणि त्यांच्याच वयाच्या, तशी जबाबदारी नसलेल्या १३ बायका. सगळ्यांच्या हातावर साडेतीन मिलिमीटरची एकसारखी बारीक जखम केली. सांभाळणाऱ्यांची भरायला सरासरी ४८.७ दिवस लागले, दुसऱ्या गटाची ३९.३ दिवसांत भरली. अभ्यास छोटा आहे, पण नंतरच्या कामांतूनही तेच निघालं. दातांचा अभ्यासक्रम शिकणाऱ्या मुलांच्या टाळूवरची जखम सुट्टीपेक्षा परीक्षेच्या दिवसांत ४० टक्के उशिरा भरली.

ताई, याचा अर्थ तुम्ही कमकुवत आहात असा नाही. रात्री चारदा उठणाऱ्या कुणाच्याही शरीरात हेच होईल. नणंदा पुण्याहून फोनवर सूचना देतात त्यापेक्षा वर्षातून पंधरा दिवस येऊन राहिल्या, तर ते खरं औषध. हे त्यांना वाचायला पाठवायला माझी हरकत नाही.

केस गळणं, पाळी लांबणं?

मोठ्या आजारानंतर किंवा धक्क्यानंतर केस गळतात ते दोन-तीन महिन्यांनी, म्हणून संबंध जुळत नाही. बहुतेकदा परत येतात. जास्त ताणात मेंदूकडून बीजकोशाला जाणारे संदेश मंदावतात आणि पाळी पुढे जाते. तीन महिने आली नाही तर दाखवा, आणि त्याआधी गर्भधारणेची शक्यता तपासा. थायरॉईड आणि हिमोग्लोबिन दोन्ही बाबतींत बघायला हवं.

रात्री तीनला जाग येते आणि डोकं सुरू होतं. का?

कॉर्टिसॉल मध्यरात्रीच्या आसपास सर्वांत कमी असतं, पहाटेकडे चढू लागतं आणि उठल्यावर पहिल्या अर्ध्या-पाऊण तासात शिखर गाठतं. झोप त्या वेळी तशीही हलकी असते. निरोगी माणूस कूस बदलून झोपतो. टेन्शनवाला घड्याळ बघतो, मग मोबाईल, मग ईएमआयचा हिशेब. घड्याळ भिंतीकडे फिरवून ठेवा. वीस मिनिटांत झोप आली नाही तर उठून दुसऱ्या खोलीत मंद उजेडात बसा, डोळे जड झाले की परत या.

चहातलं कॅफिन निम्मं व्हायला चार-पाच तास लागतात, तेव्हा संध्याकाळी सहानंतरचा कप सोडा. आणि सराफ्यातल्या रात्रीच्या खाऊगल्लीत मध्यरात्री तळलेला गराडू खाऊन आल्यावर झोप नीट लागली नाही, तर दोष कॉर्टिसॉलचा नाही. पाहुण्यांना घेऊन जावंच लागतं, ते मला कळतं.

छातीत दुखतंय. टेन्शन आहे की हार्ट, हे घरी कसं ओळखायचं?

ओळखायचं नाही. छातीवर दाब, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ, गार घाम, धाप यांतलं काही दहा मिनिटांच्या वर राहिलं तर १०८ ला फोन करा किंवा ईसीजी निघेल अशा जवळच्या रुग्णालयात जा. बायकांत आणि मधुमेह असलेल्यांत कळ नसतेही, नुसता दम लागतो, मळमळतं, गळून गेल्यासारखं वाटतं. पॅनिक अ‍ॅटॅकमध्येही हुबेहूब असं होतं. तो साधारण दहा मिनिटांत टोकाला जाऊन ओसरतो, पण हे निदान ईसीजीनंतरचं आहे, आधीचं नाही.

वर म्हटलं तसं, ताणात रक्त लवकर गोठतं आणि बी.पी. उसळतं. आधीच चरबी साठलेल्या हृदयाच्या वाहिनीत हे दोन्ही एकत्र आले तर खराखुरा झटका येतो. म्हणजे ‘टेन्शन की हार्ट’ हा प्रश्नच चुकीचा, दोन्ही एकाच वेळी असू शकतं. जपानमध्ये १९९० च्या सुमारास एक वेगळा आजारही ओळखला गेला, टाकोत्सुबो नावाचा. जवळचं माणूस गेल्यासारख्या धक्क्यानंतर, बहुतांशी पाळी गेलेल्या बायकांत, हृदयाचं टोक काही दिवस नीट आकुंचन पावत नाही. ईसीजी झटक्यासारखा दिसतो, अँजिओग्राफीत मात्र अडथळा सापडत नाही. बरेच जण काही आठवड्यांत बरे होतात, पण सुरुवातीला रुग्णालयात राहावंच लागतं. दहनाहून परतलेल्या काकूंना छातीत दुखू लागलं तर ‘रडून रडून झालंय’ म्हणून पाणी पाजत बसू नका.

कॉर्टिसॉलची तपासणी करून घेऊ का? पॅकेजमध्ये आहे.

नको. सकाळी आठला आणि रात्री अकराला त्याचे आकडे वेगळेच असतात. सुई टोचल्यानेही चढतं. कुशिंग (कॉर्टिसॉल फार जास्त) किंवा अ‍ॅडिसन (फार कमी) या आजारांचा संशय असेल तर डॉक्टर ठरावीक वेळेला ते मागवतात. ‘मला किती टेन्शन आहे’ हे त्यातून कळत नाही. तेवढ्या पैशांत घरचं बी.पी. यंत्र येईल.

प्राणायामाने खरंच फरक पडतो?

पडतो आणि तो स्वतःच्या बोटाखाली जाणवतो. मनगटावर नाडी धरा आणि सावकाश श्वास घ्या: ठोके किंचित जवळजवळ येतात. सोडताना लांबतात. तरुणांत हे फार स्पष्ट लागतं. श्वास सोडताना व्हेगस ही मज्जातंतू हृदयाला लगाम घालते. म्हणून सोडणं घेण्यापेक्षा लांब हवं. मनात चारपर्यंत मोजत घ्या, सहापर्यंत मोजत सोडा, म्हणजे मिनिटाला सहा श्वास होतात. पाच मिनिटं पुरे. भस्त्रिकेसारखे जोरात करायचे प्रकार त्या क्षणी उलटं काम करतात, आधीच घाबरलेल्याने ते करू नयेत. आणि हप्ता थकलाय हे श्वासाने बदलत नाही. बँकेत जाऊन बोलण्याइतकं डोकं मात्र शांत होतं.

मानसोपचार तज्ज्ञाकडे जा म्हटलं की घरचे म्हणतात, ‘बाणगंगेला पाठवता का?’

बाणगंगेच्या सरकारी मनोरुग्णालयावरून हा टोमणा माझ्या लहानपणापासून ऐकतोय. दोन आठवड्यांहून जास्त झोप-भूक बिघडलेली, कशात रस नाही, कामावर जाववत नाही, दारू वाढलीय, असं असेल तर दाखवायला हवं. त्यासाठी कुणी भरती करून घेत नाही, बहुतेकदा ओपीडीत बसून बोलायचं असतं. ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र सरकारची टेली मानस ही मोफत सेवा आहे, १४४१६ वर चोवीस तास. आपल्या मनात किंवा घरात कुणी बोलताना मरणाचा विचार आला तर वाट न बघता तिथे फोन करा आणि त्या माणसाला एकटं सोडू नका.

अश्वगंधा घेऊ का?

काही छोट्या अभ्यासांत ताण आणि कॉर्टिसॉल थोडं कमी झालेलं दिसतं. दुसरीकडे क्वचित यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. थायरॉईड, शुगर किंवा झोपेच्या गोळ्या चालू असतील, गरोदर असाल किंवा कावीळ होऊन गेली असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. आणि घेत असाल तर तपासणीला जाताना डबी सोबत न्या, ‘ते काय, जडीबूटीच तर आहे’ म्हणून सांगायचं टाळू नका.